कोळी स्वतःच्या जाळ्यावर चालतो कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरे गोल, चाकासारख्या जाळ्याबद्दल आहेत. इतर जाळ्यांची गोष्ट वेगळी आहे, तिचा प्रश्न पुढे येतो. शब्द थोडेच लक्षात ठेवायचे आहेत. बाहेरची आधाराची दोरी म्हणजे चौकट. मध्यापासून चौकटीपर्यंत गेलेले सरळ धागे म्हणजे आरे. आऱ्यांना आडवे छेदत गोल फिरलेला धागा म्हणजे वेटोळे, आणि कोळी बसतो तो मधला दाट भाग म्हणजे मध्य.

कोळी स्वतःच्या जाळ्याला चिकटत का नाही?

कारण एक नाही, चार आहेत. पहिले, जाळ्याचा बराच भाग चिकट नसतोच आणि कोळी चालतो तो मुख्यतः त्याच भागावरून. दुसरे, तो धाग्यावर तळवा टेकत नाही. नखीच्या टोकाने धागा पकडतो, त्यामुळे स्पर्श अगदी थोडा होतो. तिसरे, पायावरच्या केसांची रचना आणि पाय उचलण्याची पद्धत अशी असते की लागलेला डिंक निसटून जातो. चौथे, पायावर एक रासायनिक लेप असतो. यातले एकच कारण सांगून मोकळे होणारी उत्तरे सगळीकडे सापडतात, आणि ती बहुधा चौथ्यावर थांबतात. आमच्या मते सगळ्यात जास्त काम पहिले कारण करते.

कोणता धागा चिकट आणि कोणता कोरडा?

चौकट, आरे आणि मध्य कोरडे. वेटोळे चिकट. कोळ्याच्या पोटात रेशमाच्या वेगवेगळ्या ग्रंथी असतात आणि प्रत्येकीचा धागा वेगळ्या कामाचा असतो. आऱ्यांचा धागा ताठ आणि मजबूत असतो, फारसा ताणला जात नाही. वेटोळ्याचा धागा मूळ लांबीच्या दुपटीहून जास्त ताणला जातो. त्यावर दुसऱ्या ग्रंथीतून पातळ डिंकाचा थर चढतो आणि तो लगेच आपोआप फुटून थेंबांची माळ होते. भिंगातून पाहिले तर दोऱ्यात ओवलेले बारीक मणी दिसतात. या डिंकात पाणी धरून ठेवणारे क्षार असतात, म्हणून चिकटपणा हवेतल्या ओलाव्यावर बदलतो. जुन्या, धूळ बसलेल्या जाळ्यात काहीच अडकत नाही याचे कारणही थेंबच. धूळ त्यांच्यावर बसली की कीटकासाठी जागा उरत नाही.

खात्री करायची असेल तर गवताच्या बारीक काडीचे टोक आऱ्याला टेकवून हळूच मागे घ्या. काडी सुटून येते. तीच काडी वेटोळ्याला टेकवून मागे घ्या. धागा काडीबरोबर तंबूसारखा ओढला जातो, बराच लांबतो आणि मग फटकन सुटून जागेवर जातो.

पायाच्या टोकाला नेमके काय असते?

जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या प्रत्येक पायाला तीन नख्या असतात. बाजूच्या दोन मोठ्या आणि फणीसारख्या दातेरी. मधली लहान, गुळगुळीत आणि आकड्यासारखी खाली वळलेली. धागा धरण्याचे काम या मधल्या नखीचे. तिच्यासमोर काही जाड, खरखरीत, वाकलेले केस असतात. नखी खाली आली की धागा या केसांवर दाबला जातो. नखी आणि केसांमध्ये तो अडकतो, चिमटीत धरल्यासारखा.

खरी गंमत सोडण्यात आहे. दाबामुळे ते केस वाकलेले असतात. नखी उचलली गेली की केस स्प्रिंगसारखे सरळ होतात आणि धाग्याला आकड्याबाहेर ढकलतात. धागा काढण्यासाठी कोळ्याला पाय झटकावा लागत नाही. धावताना दर पावलाला हे धरणे-सोडणे आठ पायांवर चालू असते.

उड्या मारणारे किंवा भिंतीवर भटकून शिकार करणारे कोळी वेगळे. त्यांच्यातल्या बहुतेकांना दोनच नख्या असतात आणि त्यांच्या खाली दाट केसांचा झुपका असतो. काचेवर चढायला तो उत्तम, डिंकाच्या धाग्यावर मात्र घातक, कारण शेकडो केस एकदम डिंकाला लागतात.

पायाला तेल असते म्हणून तो चिकटत नाही, हे खरे का?

अर्धे खरे. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच कीटकतज्ज्ञ झाँ-आंरी फाब्र यांनी कोळ्याचा पाय कार्बन डायसल्फाइडमध्ये भिजवून धुतला, आणि धुतलेला पाय धाग्याला चिकटू लागला. हे द्रव्य तेलकट पदार्थ विरघळवते, त्यावरून त्यांनी तेलाचा निष्कर्ष काढला. शंभरेक वर्षे उत्तर तिथेच थांबले.

२०१२ साली ब्रिसेन्यो आणि एबरहार्ड या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या हालचाली नीट पाहिल्या. हेक्झेन या तेलकट पदार्थ विरघळवणाऱ्या द्रव्याने आणि पाण्याने धुतलेले पाय जास्त घट्ट चिकटतात हे त्यांनाही दिसले, म्हणजे लेप आहे. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी दिसल्या. पायावरच्या फांद्या फुटलेल्या केसांवरून डिंकाचे थेंब टोकाकडे सरकतात आणि तिथून गळून सुटतात. शिवाय कोळी पाय आडवा ओढत नाही, केसांच्या दिशेने मागे घेतो. मधात बुडवलेला कुंचला सरळ वर उचलला तर मध टोकाशी गोळा होऊन तुटतो, आडवा ओढला तर सगळीकडे फासतो. फरक तसाच.

‘तेल’ हा शब्द आम्ही शक्यतो टाळतो. पाय तेलाने निथळत असतो असे चित्र त्याने उभे राहते आणि तसे काही नसते.

म्हणजे कोळी चिकट धाग्याला कधी स्पर्शच करत नाही?

करतो, आणि जाळे विणताना तर सतत. हा भाग लोकांना माहीत नसतो, म्हणून थोडे सविस्तर.

चौकट आणि आरे झाले की कोळी मध्यापासून बाहेरच्या दिशेने एक विरळ, कोरडे वेटोळे टाकतो. हे तात्पुरते असते, इमारतीच्या परांचीसारखे. बाहेरच्या बाजूला आऱ्यांमधले अंतर पायांच्या आवाक्याबाहेर जाते, तेव्हा एका आऱ्यावरून दुसऱ्यावर जायला हाच पूल. बाहेरच्या कडेला पोचला की कोळी दिशा बदलतो आणि बाहेरून आत येत चिकट वेटोळे घालतो. येता येता तात्पुरते वेटोळे तोडत जातो.

प्रत्येक आऱ्यापाशी क्रम असा. पुढचा पाय चाचपून आधीच्या फेरीचा चिकट धागा कुठे आहे ते शोधतो. त्यावरून नव्या फेरीचे अंतर ठरते. चौथ्या जोडीतला एक पाय पोटाच्या टोकातून येणारा चिकट धागा ओढून धरतो. मग पोटाचे टोक आऱ्याला टेकते आणि धागा जोडला जातो. पाय धागा सोडतो, पुढचा आरा. बागेतल्या सामान्य कोळ्याच्या जाळ्यात आरे वीस-तीस आणि फेऱ्याही तितक्याच किंवा जास्त, म्हणजे एका जाळ्यात मागचे पाय डिंकाला शेकडो वेळा लागतात. केसांची रचना, लेप आणि पाय मागे घेण्याची पद्धत यांची परीक्षा होते ती इथे. सगळे काम तासाभरात आटपते.

शिकारीकडे धावतानाही एखादा पाय वेटोळ्यावर पडतोच. तो चिकटतो, किंचित ताणतो आणि सुटतो. कधी धागा तुटतो. कोळी त्याची पर्वा करत नाही.

तो धाग्याच्या वरून का चालत नाही?

तारेवरची कसरत असा शब्दप्रयोग आपण करतो, पण कोळी चालतो तो तारेखाली. वरून चालायचे तर तोल सांभाळण्यात शक्ती जाते. खाली लटकल्यावर वजन आपोआप आधाराच्या खाली राहते, तोल जाण्याचा प्रश्नच येत नाही. लांब, बारीक पाय याच कामाचे आहेत. असा कोळी जमिनीवर ठेवला तर तो अडखळत, पोट ओढत चालतो.

आणखी एक कारण आहे. गोल जाळे बहुधा अगदी उभे नसते, थोडे कललेले असते आणि कोळी त्याच्या खालच्या अंगाला असतो. त्यामुळे शरीर जाळ्यापासून दूर लोंबते. धाग्यांना लागतात त्या फक्त नख्या, पोट नाही.

डोके खाली करूनच का बसतो?

खाली धावणे वर चढण्यापेक्षा जलद होते. बसल्या जागीच डोके खाली असेल तर वळण्याचा वेळही वाचतो. म्हणून बहुतेक गोल जाळ्यांत मध्य नेमका मधोमध नसतो, वर सरकलेला असतो, आणि जाळ्याचा खालचा भाग मोठा असतो. डोके वर करून बसणारे कोळीही आहेत, सायक्लोसा वंशातल्या काही जाती तशा. त्यांच्यात हे गणित उलटे होते.

कीटक कुठे अडकला ते कसे समजते? डोळ्यांनी दिसते का?

डोळे सहसा आठ, पण गोल जाळे विणणाऱ्यांची नजर अधूच. सगळी मदार पायांवर. पायाच्या टोकाकडच्या सांध्याजवळ कवचात बारीक चिरा ओळीने असतात. धागा हलला की कवचावर ताण येतो, चिरा किंचित दबतात आणि तेवढ्यावर कोळ्याला कंप कळतो. आठ पाय वेगवेगळ्या आऱ्यांवर असल्याने कोणत्या पायाला जोराचा कंप आला त्यावरून दिशा ठरते.

कीटक धडपडायचा थांबला तर कोळी पुढच्या पायांनी आरे एकेक करून हिसकतो. जड आरा वेगळा लागतो. विहिरीचा दोर ओढून बादली भरली की नाही ते पाहावे तसेच हे. १८८० साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. बॉइज यांनी कंप पावणारा नादकाटा जाळ्याला लावला, तेव्हा कोळी कीटक समजून त्याच्याकडे धावला.

कीटकापर्यंत जाणे आणि परत येणे कसे घडते?

आधी कोळी मध्यावरच जागच्या जागी वळतो आणि दिशेचा आरा धरतो. निघण्यापूर्वी स्वतःचा सुरक्षा-धागा मध्याला जोडतो. मग दोन-तीन शेजारच्या आऱ्यांवर पाय पसरून धावतो, धागा मागे सुटत राहतो. लहान माशी असेल तर थेट चावतो. गांधीलमाशीसारखे धोक्याचे काही असेल तर अनेक जाती लांबूनच मागच्या पायांनी रेशमाचे पट्टे फेकून ते गुंडाळतात आणि चावा नंतर घेतात. गुंडाळलेले गाठोडे भोवतालचे धागे तोडून मोकळे केले जाते. मोठे असेल तर पोटाच्या टोकाशी आखूड धाग्याने बांधून, एका मागच्या पायाने सांभाळत आणले जाते. मध्यावर पोचल्यावर ते टांगायचे आणि खायला बसायचे.

गाठोडे तोडताना जाळ्याला भोक पडते. कोळी ते क्वचितच नीट दुरुस्त करतो. पुष्कळ जाती जुने वेटोळे खाऊन टाकतात आणि नवे विणतात, रेशमातले प्रथिन वाया जात नाही.

जाळ्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला कसा जातो?

मध्य आणि चिकट वेटोळे यांच्यामध्ये एक मोकळा पट्टा असतो, तिथे फक्त आरे. त्या फटीतून तो आरपार निघतो. आर्जिओपी वंशातले कोळी, जे पाय जोडी-जोडीने धरून फुलीसारखे बसतात, धोका वाटला की याच वाटेने दुसऱ्या अंगाला सटकतात. कधी मध्यावरच राहून जाळे इतके जोराने हलवतात की ते स्वतः धूसर दिसू लागतात.

दोन झाडांमध्ये पहिला धागा पोचतो कसा? उडी मारून?

नाही. कोळी पोट वर करून बारीक धागा वाऱ्यावर सोडतो. तो कुठे तरी अडकला की ओढून ताण पाहतो आणि आपले टोक पक्के करतो. मग त्यावरून पलीकडे जातो, आणि इथे एक विलक्षण गोष्ट करतो. पुढचा धागा तोडून गुंडाळत जातो आणि मागून नवा सोडत जातो. तोडलेल्या दोन टोकांना त्या वेळी जोडणारी वस्तू म्हणजे कोळ्याचे स्वतःचे शरीर. पुढच्या पायांत एक टोक, मागे दुसरे. पलीकडे पोचेपर्यंत जुना कामचलाऊ धागा जाऊन हवा तेवढा लांब आणि जाड धागा तयार झालेला असतो.

वारा अजिबात नसेल तर धागा पोचत नाही. अशा वेळी कोळी खाली उतरतो आणि धागा मागे सोडत चालत जाऊन दुसऱ्या टोकाला चढतो.

पाय सुटला तर पडतो का?

पडला तरी सुरक्षा-धाग्यावर लोंबतो. चालताना तो हा धागा ठरावीक अंतरावर बारीक रेशमी टिकल्यांनी आधाराला जोडत असतो. उतरताना धाग्याला लगाम घालायची सोयही आहे. पोटाच्या आतली झडप धागा आवळते आणि बाहेरून मागचा पाय तो धरतो. परत चढताना धागा पायांनी गोळा केला जातो.

लोंबणारा कोळी गरगर का फिरत नाही, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो पण चांगला आहे. साध्या दोरीला टांगलेली वस्तू पीळ उलगडत मागे-पुढे फिरत राहते. कोळ्याच्या धाग्यात ही फिरकी फार लवकर शमते आणि धागा मूळ स्थितीत येतो, असे २००६ साली मोजून दाखवले गेले. फिरणारी वस्तू शिकाऱ्याच्या नजरेत लवकर भरते, तेव्हा स्थिर लोंबणे कोळ्याच्या फायद्याचेच.

एखादा पाय तुटलेला कोळी जाळ्यावर चालू शकतो का?

चालू शकतो, विणूही शकतो. पाय अडकला किंवा शत्रूने पकडला तर कोळी तो बुडाशी ठरलेल्या सांध्यावर स्वतःच सोडून देतो. अजून कात टाकायच्या वयात असेल तर पुढच्या कातेला नवा, थोडा आखूड पाय येतो.

जास्त धोका शरीराला भोक पडण्याचा. कोळ्याच्या पायातल्या दोन मोठ्या सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. शरीरातला द्रव दाबाने पायात ढकलून पाय उघडले जातात. दाब गेला की पाय आत वळतात. मेलेल्या कोळ्याचे पाय आखडलेले दिसतात ते यामुळेच.

घरातल्या कोपऱ्यातल्या कोळिष्टकांतही हाच प्रकार असतो का?

नाही. छताच्या कोपऱ्यात लोंबणारे लांब, केसासारख्या पायांचे कोळी विस्कळीत जाळ्यात उलटे लटकून फिरतात. डिवचले की सगळे शरीर गोल गोल इतके जोराने फिरवतात की नीट दिसतच नाहीत. गोलसर पोटाच्या कोळ्यांच्या गुंतागुंतीच्या जाळ्यात डिंक बहुधा फक्त जमिनीकडे उतरलेल्या ताणलेल्या धाग्यांच्या खालच्या टोकाला असतो. वरची गुंतवळ कोरडी, म्हणून तिथे वावरायला अडचण नाही.

नरसाळ्यासारखे जाळे करणारे कोळी सपाट चादरीच्या वरून धावतात. त्या चादरीला डिंक नसतो. कीटकाचे पाय नुसते अडखळतात आणि कोळी वेगाने त्याला गाठतो.

लोकरी जाळी हा सगळ्यात नाजूक प्रकार. तिथे डिंकच नाही, अतिसूक्ष्म तंतूंचा कापसासारखा पुंजका असतो आणि तोच चिकटतो. हा पुंजका कोळी चौथ्या पायावरच्या केसांच्या फणीने विंचरून काढतो. ते तंतू फणीलाच का चिकटत नाहीत? फणीच्या केसांवर बोटाच्या ठशासारख्या अतिसूक्ष्म रेघा असतात. त्यामुळे तंतू केसाला पूर्ण टेकतच नाहीत.

दुसऱ्याच्या जाळ्यात गेला तर अडकतो का?

भटका कोळी हमखास अडकतो. जाळे विणणारा सहसा निभावतो. अडचण डिंकाची कमी आणि मालकाची जास्त. पोर्शिया हा उड्या मारणारा कोळी याला मोठा अपवाद. तो दुसऱ्यांच्या डिंकाच्या आणि लोकरी अशा दोन्ही जाळ्यांवर चालतो, मालकाला फसवायला अडकलेल्या कीटकासारखे धागे हलवतो, आणि वाऱ्याने जाळे हलत असेल तेव्हाच पुढे सरकतो, म्हणजे त्याची पावले कळत नाहीत.

गुरुत्वाकर्षण नसेल तर?

१९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकात अरॅबेला आणि अनिता नावाच्या दोन बागेतल्या कोळ्यांना नेले होते. सुरुवातीची जाळी वेडीवाकडी झाली, थोड्या दिवसांत बरीच नीट जमू लागली. २०११ साली आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर नेलेल्या सोनेरी रेशमाच्या कोळ्यांनी जास्त उपयोगी गोष्ट दाखवली. अंधारात विणलेली जाळी बरीच समतोल झाली, पण दिवे लागलेले असताना विणलेली पृथ्वीवरच्यासारखी, मध्य वर सरकलेली. वजन जाणवत नसेल तर ‘वर’ कुठे ते प्रकाशावरून ठरवता येते.

हे सगळे पाहायचे कसे?

रात्री, बाजूने धरलेली विजेरी आणि मागे काळोख. समोरून प्रकाश टाकला तर धागे दिसत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. मोबाइलचा संथगती व्हिडिओ धावण्यासाठी चांगला, कारण नुसत्या डोळ्यांना पावले दिसतच नाहीत. जाळ्यावर श्वास सोडू नका, कोळी लगेच थबकतो. पीठ किंवा पावडर उडवून जाळे उठून दिसते हे खरे, पण डिंक निकामी होतो आणि कोळी उपाशी राहतो. रिकाम्या जाळ्यावरच तो प्रयोग करा. पाण्याची फवारणीही बेताचीच.

माझ्या जाळ्यातला कोळी मेला आहे, पण शेजारी दुसरा दिसतो. हे काय?

पोकळ आणि हलका असेल, पाय पूर्ण असतील, तर ती टाकलेली कात. कोळी कात टाकतो तो धाग्याला लटकूनच. नवे कवच टणक होईपर्यंत पाय मऊ असतात आणि तो नीट धावू शकत नाही. त्या काळात जाळे हलवू नका.

बाथटबमधून त्याला बाहेर का पडता येत नाही?

वर सांगितलेल्या नख्यांमुळेच. धागा पकडणारी नखी गुळगुळीत पृष्ठभागावर नुसती घसरते आणि झुपका नसतो. टॉवेलचे एक टोक आत सोडून ठेवा, तो स्वतः चढून जाईल.